चौथ्या वळणावरचा दहावा

रखमाजी मुकादमानं ट्रॉलीतून पहिलं पिंप खाली उतरवलं आणि लोटत लोटत दरीच्या कडेला न्यायला सुरुवात केली, तेव्हा मी त्याला थांबवलं.

"मामा, यंदा पिंपं लावायची नाहीत."

तो थांबला, पण पिंपावरचा हात त्यानं काढला नाही. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते, तरी सांबरखिंड घाटातलं धुकं पुरतं उठलं नव्हतं. चौथ्या वळणाच्या पलीकडचा डोंगर मधूनच दिसायचा, मधूनच पुसला जायचा. डांबराची अशी अकरा रिकामी पिंपं त्यानं आणली होती. दर हिवाळ्यात रखमाजीची टोळी ती चुन्यानं रंगवायची, मधोमध गेरूचा पट्टा ओढायची आणि आत दगड भरून वळणाच्या दरीकडच्या अंगाला ओळीनं उभी करायची. तिथला दगडी कठडा सात वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात दरीत गेला होता आणि तो पुन्हा बांधायला पैसे काही आले नव्हते. फेब्रुवारीत धुकं सरलं की पिंपं गोदामात परत जायची, नाहीतर भंगारवाले उचलून न्यायचे.

"का म्हणून?" रखमाजीनं विचारलं.

"निमकर साहेब म्हणालेत."

"पत्र आहे का तसं?"

पत्र नव्हतं. मी तसं सांगितलं. रखमाजी माझ्या वडलांच्या वयाचा होता. याच रस्त्यावर त्यानं तीस वर्षं काढली होती, आणि माझ्यासारखे किती शाखा अभियंते आले नि बदलून गेले ते त्याला मोजता आलं नसतं. त्यानं एकदा वळणाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मग तुमच्या शब्दावर परत नेतो, मॅडम," तो म्हणाला.

पिंप ट्रॉलीत चढलं. ट्रॅक्टर धुक्यात दिसेनासा झाल्यावरही त्याचा आवाज बराच वेळ खालून येत होता.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. बांधकाम खात्याच्या कडवण उपविभागात येऊन मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. शरद निमकर हे आमचे उपअभियंता. निवृत्तीला त्यांचे सहा महिने उरले होते आणि आयुष्यात करायचं असं एकच काम उरलं होतं. ते म्हणजे कडवण ते दांडेगाव हा एकाहत्तर किलोमीटरचा रस्ता. वरून कांदा-बटाटा खाली जायचा, खालून मासळी वर यायची, आणि मधे नऊ किलोमीटरचा घाट. अकरा वर्षांत त्यांनी या रस्त्याचे चार प्रस्ताव पाठवले होते. चारही वेळा शंका काढून परत आले. निमकर साहेब शंकांना उत्तरं लिहायचे, नकाशे पुन्हा काढायचे, दर बदलले की सगळी अंदाजपत्रकं नव्यानं करायचे. दुपारचा डबासुद्धा नकाशे पसरलेल्या टेबलाच्या कोपऱ्यावर खायचे. कामाच्या बाबतीत इतका सरळ माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्या वर्षी केंद्राची एक नवी योजना आली. संपूर्ण रस्ता एका वेळी सुधारायला पैसा मिळणार होता. आमचा प्रस्ताव एकशे अठरा कोटींचा झाला आणि त्यातला निम्मा खर्च एकट्या घाटाचा होता. सपाटीच्या रस्त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. घाटासाठी मात्र अट होती. अर्ध्या किलोमीटरच्या टप्प्यात, तीन वर्षांत, किमान दहा माणसं मेलेली असली पाहिजेत, तरच ती जागा धोक्याची मानायची आणि घाटाला पैसा द्यायचा. वर्षं जानेवारी ते डिसेंबर अशी धरायची होती. प्रस्ताव एकतीस डिसेंबरला बंद.

मी दोन दिवस पोलीस चौकीत बसून नोंदवही उतरून घेतली. चौथ्या वळणावर तीन वर्षांत नऊ माणसं गेली होती. त्यातली चार पहिल्या वर्षातली. म्हणजे जानेवारी लागला की ती चार हिशोबातून गळणार आणि आम्ही पाचावर येणार.

निमकर साहेबांना मी कागद दाखवला. त्यांनी नावं एकेक करून वाचली. मग विचारलं, "आज तारीख काय?"

"एकवीस."

"अजून चाळीस दिवस आहेत," ते म्हणाले आणि कागद माझ्याकडे परत दिला.

प्रस्ताव तयार करायला चाळीस दिवस आहेत, असा मी त्याचा अर्थ घेतला. चार दिवसांनी त्यांनी मला बोलावून पिंपांचं सांगितलं. डिसेंबरात छाननी समिती रस्ता पाहायला येणार आहे. पिंपं लावलेली दिसली की ते म्हणतील, उपाय तर केलाय तुम्ही. रस्ता आहे तसाच त्यांना दिसला पाहिजे. मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटात गेले.

सोळा डिसेंबरला घाटमाथ्यावर आमची वाहनगणना चालू होती. प्रस्तावाला रोजच्या वाहनांचा आकडा लागायचा, म्हणून रस्त्याकडेला टेबल टाकून दोन माणसं रेघा ओढत बसली होती आणि मी त्यांच्या तक्त्यावर नजर ठेवत होते. आठच्या सुमाराला खालून मासळीचा टेम्पो आला. एरवी तो न थांबता जायचा. त्या दिवशी ड्रायव्हरनं गाडी आमच्यासमोर उभी केली आणि म्हणाला, चौथ्या वळणावर मोटारसायकल गेलीय खाली.

मी त्याच टेम्पोत बसून तीन किलोमीटर परत खाली गेले. धुकं इतकं होतं की पुढच्या दिव्याचा उजेड कुठं पडतोय ते कळत नव्हतं. वळणावर उतरले आणि मला वाटलं, आग लागलीय. दरीच्या कडेवरून पांढरा धूर जमिनीला चिकटून रस्त्यावर येत होता. वर धुकं होतं ते वेगळं. हा धूर घोट्याइतकाच उंच होता आणि सरपटत माझ्या पायांशी आला. मी मागे सरकले. धूर गार होता, बर्फासारखा.

"नायट्रोजन आहे, मॅडम," खालून रखमाजीचा आवाज आला. "गुरांच्या डॉक्टरचं भांडं फुटून कडेला पडलंय."

रखमाजी आमच्या आधी पोचला होता. त्याची टोळी जवळच गटार साफ करत होती. मोटारसायकल करवंदीच्या जाळीत अडकली होती आणि तिच्या खाली पंधराएक फुटांवर, एका खडकाच्या थाळीवर, माणूस पडला होता. तो पशुवैद्यकीय दवाखान्यातला पर्यवेक्षक होता. गाईंना रेतन करण्याच्या मात्रा नायट्रोजनच्या भांड्यात घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरायचा. सुभाष लोटणकर त्याचं नाव. ते मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात मोजा दिसला.

टोळीतल्या दोघांनी दोर धरला. रखमाजीनं त्या माणसाला पाठीशी बांधून वर आणलं. रस्त्यावर निजवल्यावर रखमाजी माझ्याकडे बघेल आणि काहीतरी बोलेल, असं मला वाटत होतं.

"पाय धरा, मॅडम," एवढंच तो म्हणाला.

मी पाय धरले. मासळीच्या खोक्यांमधे जागा करून आम्ही त्याला टेम्पोत ठेवलं आणि मी त्याच्याजवळ बसून कडवणच्या सरकारी दवाखान्याकडे निघाले. घाटमाथा आल्यावर फोनला रेंज मिळाली. मी निमकर साहेबांना फोन लावून अपघाताचं सांगितलं.

"आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे. श्वास चालू आहे."

"बरं." मग त्यांनी विचारलं, "कोणत्या किलोमीटरला?"

"एकेचाळीस, दोनशे."

त्यांना तो आकडा पाठ होता. तरी मी सांगितला आणि तरी त्यांनी तो लिहून घेतला. पेन कागदावर चालल्याचा आवाज मला ऐकू आला.

दुपारी मी दवाखान्यातून घाटात परत गेले, तेव्हा अकराच्या अकरा पिंपं वळणावर उभी होती. रखमाजीनं कुणालाही विचारलं नव्हतं. मला पाहून तो टोळीकडे वळला आणि घमेली उचलायला लागला. निवृत्त होईपर्यंत पुढची चार वर्षं तो माझ्याशी कामापुरतं बोलला.

सुभाषच्या मेंदूला सूज होती, मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, तीन बरगड्या गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. त्याची बायको शैला दुसऱ्या दिवशी सकाळी मला भेटली. तिशीची असेल. सात वर्षांची मुलगी तिनं आईकडे ठेवली होती आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर मुक्काम टाकला होता. नवऱ्याला टेम्पोतून आणणारी बाई मीच, हे तिला कळलं तेव्हा तिनं माझे दोन्ही हात धरले. मी तिला कुठं काम करते ते सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही.

मी रोज संध्याकाळी पाचनंतर जायचे. कधी डबा न्यायचे, कधी औषधाच्या दुकानात जाऊन यायचे. शैला बाकावर माझ्यासाठी जागा करायची आणि मुलीचं सांगायची, सुभाषचं सांगायची. त्याला गाईंची नावं पाठ असायची, म्हणे. माणसांची विसरायचा. एकदा ती म्हणाली, "सरकारी माणूस इतकं कुठं करतो, ताई? दवाखान्यात त्यांच्या स्वतःच्या खात्याचं अजून कुणी फिरकलं नाही."

रोज सकाळी निमकर साहेब विचारायचे, "कसं आहे?"

मी म्हणायचे, "तसंच."

ते मान हलवून पुढ्यातल्या कागदावर सही करायचे. यापलीकडे आम्ही सुभाष लोटणकरबद्दल बोललो नाही. त्याचं नावसुद्धा त्यांनी एकदाही घेतलं नाही. ऑफिसात सगळं नेहमीसारखं चाललं होतं. टंकलेखक पानं काढत होता, नकाशांच्या घड्या घातल्या जात होत्या. फक्त परिशिष्ट सहा, म्हणजे अपघातांचा तक्ता, टंकायला गेला नव्हता. तो साहेबांच्या टेबलाच्या उजव्या खणात होता.

बावीस तारखेला छाननी समितीचे दोन अधिकारी आले. आम्ही त्यांना घाटात नेलं. चौथ्या वळणावर जीप थांबली आणि निमकर साहेबांनी पिंपं पाहिली. रखमाजीनं ती लावल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. समितीतला मोठा अधिकारी खाली उतरला, एका पिंपावर हात ठेवून दरीत डोकावला आणि सोबतच्याला म्हणाला, "फोटो घ्या. कठड्याच्या जागी डांबराची पिंपं लावून दिवस काढतायत ही मंडळी. घाटाची अवस्था याहून वेगळी काय सांगायची?"

फोटो काढले गेले. पिंपं मोजून टिपणात लिहिली गेली, आमच्या बाजूचा मुद्दा म्हणून. परतीच्या वाटेवर निमकर साहेब पुढे बसले होते. त्यांनी खिडकीची काच पूर्ण खाली केली होती आणि डिसेंबरचा वारा थेट तोंडावर घेत ते कडवणपर्यंत तसेच बसून राहिले. मी मागे होते.

सत्तावीसला सुभाषला ताप चढला. जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टरांनी शैलाला बोलावून सांगितलं की नातेवाइकांना कळवून ठेवा. त्या दिवशी निमकर साहेबांनी मला दोनदा विचारलं, सकाळी आणि दुपारी. दोन्ही वेळा मी जे कळलं होतं ते सांगितलं. अठ्ठावीसला ताप तसाच होता. एकोणतीसलाही. तीस तारखेला मी गेले तर शैलाचे दोन दीर येऊन बसले होते आणि मोठा दीर मला बाजूला घेऊन विचारत होता की, काही झालंच तर गाडी मिळेल का, गावी न्यायला.

मी म्हणाले, बघते.

एकतीस तारखेला प्रस्ताव सहाच्या आत खास माणसाबरोबर मंडळ कार्यालयात पोचवायचा होता. दुपारी तीनपर्यंत सगळे खंड बांधून झाले. निमकर साहेबांनी खण उघडून परिशिष्ट सहा काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. नऊ नावं लिहिलेली होती. दहावी ओळ आखलेली होती, कोरी. खाली एकूण संख्येची चौकट, तीही कोरी.

"बस," ते म्हणाले. मी बसले.

"खोटा आकडा लिही असं मी नोकरीत कुणाला सांगितलं नाही. आजही सांगणार नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण नऊ लिहिलंस तर काय होईल ते ऐकून ठेव. ते घाट वगळतील आणि बाकीचा रस्ता मंजूर करतील. दोन्ही बाजूंची सपाटी रुंद होईल, गुळगुळीत होईल. आज गाड्या चाळिसानं घाटाला लागतात, उद्या ऐंशीनं लागतील. आणि चौथं वळण आहे तिथंच असेल. ते असं करणार आहेत हे कळलं असतं, तर मी हा प्रस्ताव सुरूच केला नसता. आता मागं घेता येत नाही. मंत्रालयापर्यंत बोललं गेलंय."

"मग तुम्हीच लिहा, साहेब."

"तक्ता नोंदवहीवरून तू केलायस. पहिली सही तुझी." ते उठले, खुर्चीच्या पाठीवरचा कोट घातला. "मी चहा घेऊन येतो."

ते गेल्यावर मी शैलाच्या दिराच्या मोबाइलवर फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा शैलानंच उचलला.

"ताई, डोळे उघडले त्यांनी. आत्ता, अर्ध्या तासापूर्वी. पाणी मागितलं. मला मुलीच्या नावानं हाक मारली, पण मारली. डॉक्टर म्हणाले ताप उतरलाय." ती हसत होती आणि मधेच तिचा आवाज फुटत होता. "मी तुम्हालाच फोन करणार होते, नंबर सापडेना. सगळ्यात आधी तुम्हालाच सांगायचं होतं."

"बरं झालं," मी म्हणाले.

फोन ठेवून मी पेन उघडलं. दहाव्या ओळीत लिहिलं: सुभाष दगडू लोटणकर, वय ३६, मोटारसायकल, मयत. चौकटीत १० लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं की पोलिसांच्या दाखल्याची प्रत मागाहून सादर करू. खाली सही केली. अक्षर अजिबात हललं नाही.

निमकर साहेब परत आले. त्यांनी कागद उचलला, शेवटच्या ओळीशी क्षणभर थांबले आणि खाली न बसता, उभ्यानंच, माझ्या सहीखाली सही केली.

दाखल्याची प्रत मागाहून कुणी मागितलीच नाही. मार्चमधे मंजुरी आली, घाटासकट. मेमधे निमकर साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत सगळे त्या रस्त्याबद्दलच बोलले. पुढच्या अडीच वर्षांत चौथ्या वळणावरचा डोंगर आत कापला गेला, दरीकडून काँक्रीटची भिंत आली, तिच्यावर लोखंडी पट्ट्या आल्या. काम पुरं झाल्यापासून आजपर्यंत त्या वळणावर एकही माणूस दगावलेला नाही. मी दर वर्षी चौकीतून आकडा मागवते.

सुभाष आठ महिन्यांनी कामावर गेला. डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. दर दिवाळीला शैला त्याच्या हाती माझ्यासाठी फराळाचा डबा पाठवायची. तो माझ्या टेबलासमोर बसून चहा प्यायचा, नव्या रस्त्याचं कौतुक करायचा आणि उठताना टेबलाला धरून उठायचा. डबा मी ऑफिसात वाटून टाकायचे.

सात वर्षांनी एका ठेकेदारानं माहिती अधिकारात जुना प्रस्ताव काढला. निविदेत तो हरला होता आणि त्याला काहीतरी सापडायला हवं होतं. त्याला परिशिष्ट सहा सापडलं. मयतांच्या यादीतला दहावा माणूस त्याच्या सासुरवाडीच्या गोठ्यात गाय तपासायला येत होता.

खात्याची चौकशी लागली. निमकर साहेब त्याच्या आदल्या वर्षीच वारले होते. मी पहिल्याच तारखेला दोष कबूल केला. चौकशी अधिकारी शांत होते, प्रश्न वाचून विचारायचे आणि उत्तर पुरं होईपर्यंत थांबायचे. दोषारोप एकच होता, हयात व्यक्ती मृत दाखवून शासनाची दिशाभूल केली. मी म्हणाले, केली. मग मी त्यांना पिंपांचं सांगितलं. नोव्हेंबरातली ती सकाळ, रखमाजी, माझा शब्द, सगळं.

त्यांनी लिहिणं थांबवलं. "हा मुद्दा दोषारोपात नाही."

"मी लेखी देते."

"दिलंत तरी जोडता येणार नाही. पिंपं लावावीत असा आदेश कधी निघाला होता का?"

"नाही. मुकादम आपणहून लावायचा."

"मग जे लावा म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं, ते न लावल्याचा दोष कुणावर ठेवू?" मग ते म्हणाले, "आज मी त्याच रस्त्यानं आलो, मॅडम. चांगला झालाय रस्ता." आणि त्यांनी पुढचा प्रश्न वाचला.

माझ्या दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या आणि बदली झाली. पण ते नंतर.

त्या दिवशी दुपारी सुभाषलाही बोलावलं होतं, ओळखपत्रं घेऊन, तो जिवंत असल्याची खात्री करायला. मी बाहेर आले तेव्हा तो आणि शैला वऱ्हांड्यातल्या बाकावर बसले होते. शैलाच्या मांडीवर कागदांची प्लॅस्टिकची पिशवी होती. माझ्या आधी त्यांना आत यादी दाखवली होती, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

मग सुभाषनं विचारलं, "मॅडम, त्या वर्षी पिंपं का नव्हती?"

त्यानं यादीबद्दल विचारलं नव्हतं.

"धुक्यात मी पिंपांच्या अंदाजानंच गाडी वळवायचो," तो सांगू लागला. "पहिलं पिंप दिसलं की ब्रेक, चौथं दिसलं की वळायचं. त्या दिवशी मी पहिल्या पिंपाची वाट बघत होतो. ते आलंच नाही. मला वाटायचं, चोरीला गेली असतील."

मी त्याला सांगितलं. चाळीस दिवसांचं सांगितलं, समितीचं सांगितलं, रखमाजीला मी परत पाठवलं तेही. आणि पिंपं नसण्याचा काही उपयोग झाला नाही, उलट समितीनं त्यांचे फोटोच काढले, हेही सांगितलं. सुभाष ऐकताना समोरच्या भिंतीकडे पाहत होता आणि दुखऱ्या मांडीवरून हात फिरवत होता.

शैला माझ्याकडे पाहत होती. माझं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही रोज यायचात ते याच्यासाठी. हे जातात का बघायला."

"पहिले दोन दिवस नाही."

"आणि मग?"

मी तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं.

"त्यांनी पाणी मागितलं त्या दिवशी मी तुम्हाला फोनवर सांगितलं. तुम्ही 'बरं झालं' म्हणालात." तिचा आवाज चढला नव्हता. दवाखान्याच्या बाकावर मुलीचं सांगायची त्याच आवाजात ती बोलत होती. "खरंच बरं वाटलं होतं का तुम्हाला?"

सात वर्षं मला हे कुणी विचारलं नव्हतं. चौकशीत नाही, घरी नाही, निमकर साहेबांनीही नाही. हो म्हणता आलं असतं. तिनं मानलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "त्या वेळी नाही."

शैलानं मान हलवली, खिडकीवर गाडीची वेळ विचारून घ्यावी तशी. प्लॅस्टिकच्या पिशवीचं तोंड तिनं घडी घालून बंद केलं आणि ती नवऱ्याला म्हणाली, "चला. पाचची एसटी मिळेल."

सुभाष उठायला लागला. ताठ पाय आधी पुढे सरकवून मग वर यावं लागायचं त्याला. मी हात पुढे केला. त्यानं भिंत धरली.

तेवढ्यात आतून शिपाई आला आणि म्हणाला, लोटणकर, एक सही राहिलीय. त्यानं पुठ्ठ्यावर लावलेला कागद पुढे केला. कागदावर एकच ओळ टंकलेली होती. मी हयात असून हे समक्ष लिहून देत आहे. सुभाषनं ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. शैलानं पर्समधून पेन काढून त्याच्या हातात दिलं आणि तो सही करेपर्यंत त्याच्या कोपराला धरून उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. त्यानं पूर्ण नावानिशी सही केली. सहीखाली, कुणी सांगितलं नव्हतं तरी, तारीख घातली, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहून वेळही लिहिली. चार वाजून दहा मिनिटं.